रात्र उदास असते, उदासीन नव्हे

प्रश्न असा: अभिव्यक्तिवादाचा, म्हणजे मनातली भावना रंगरेषांतून थेट मांडणाऱ्या कलाप्रवाहाचा, पूर्वसुरी चित्रकार एडवर्ड मुंक याच्या ‘सँ-क्लूमधली रात्र’ (१८९०; सँ-क्लू हे पॅरिसजवळचं गाव) या चित्राबद्दल लिहिताना वातावरण ‘उदासीन’ म्हणावं की ‘उदास’? आणि खिडकीशी बसलेल्या माणसाचा तो एकांत की एकटेपणा?

उदास. ‘उदासीन’ म्हणजे जरा भारदस्त ‘उदास’, हा समज कलेवरच्या लेखनात इतका मुरलाय की वाचून दर वेळी चीड येते. ‘उदासीन’ला विषय लागतो: मतदानाविषयी उदासीन, रस्त्यांबाबत उदासीन. ‘उदास’चं तसं नाही, माणूस नुसताच उदास असतो, संध्याकाळही असते. वाक्यात ‘बाबत’ बसत नसेल तर ‘उदासीन’ खोडा. रसायनशास्त्रातलं उदासीनीकरण आठवा, ना आम्ल ना आम्लारी. मुंकचा निळा काळोख असा तटस्थ आहे का?

खरी मौज व्युत्पत्तीत आहे. संस्कृत धातू ‘आस्’ म्हणजे बसणे, ‘आसन’ त्यातलंच. ‘उप’ लावा, जवळ बसणं झालं: उपासना. ‘उद्’ लावा, बाजूला जाऊन बसणं झालं: उदास. उपासक आणि उदास हे एकाच धातूचे, फक्त बसायची जागा निराळी! ‘आसीन’मधल्या ‘ई’साठी तर पाणिनीने ‘ईदासः’ हे स्वतंत्र सूत्र केलं आहे. गीतेच्या नवव्या अध्यायातलं ‘उदासीनवदासीनम्’ मोठ्याने म्हणून पाहा, धातू लागोपाठ दोनदा ऐकू येतो. ‘उद् + आशा’ अशी फोड कुणी सांगितली तर मुळीच ऐकू नका. आशा असती तर निराश, हताश यांच्यासारखा इथेही ‘श’ राहिला असता.

तुकोबांच्या ‘उदास विचारें वेच करी’मध्ये उदास म्हणजे अलिप्तच, म्हणून दोन्ही शब्द एकच, असा युक्तिवाद होतो. तो लंगडा आहे. तेव्हाचा अर्थ तेव्हाचा. आजच्या मराठीने दोघांना कामं वाटून दिली आहेत आणि ही वाटणी मोडून हाती काहीच लागत नाही.

माझ्या मते ‘उदास’मध्ये दुःखाची छटा बघणाऱ्याच्या नजरेतून आली: चारचौघांतून उठून कुणी दूर बसला, की तो कष्टी आहे असंच लोक धरतात. मुंकने नेमकं ते बसणंच रंगवलंय. उंच हॅट घातलेला माणूस अंधाराच्या कडेला. चेहरा जवळजवळ दिसतच नाही. खिडकीच्या चौकटीची क्रुसासारखी सावली चांदण्यात जमिनीवर पडली आहे, बाहेर सेन नदीवर दिवे आहेत, आणि उजेडाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

उरला एकांत. तो मागून घेतात, एकटेपणा वाट्याला येतो. १८८९ च्या अखेरीस मुंकचे वडील वारले, तेव्हा तो फ्रान्समध्ये होता. इथे ‘एकटेपणा’च लिहा. मूडसाठी नाम हवं असेल तर ‘औदास्य’. ‘औदासीन्य’ हे ‘उदासीन’चं नाम, आणि त्यातला ‘सी’ दीर्घ.