पहिल्या ट्रॅक डेपूर्वी ब्रेककडे लक्ष द्या
पहिल्या ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवण्याच्या दिवसासाठी, इंजिनाची ताकद वाढवण्याचा विचार बाजूला ठेवून आपण सर्वप्रथम ब्रेक ऑइल बदलून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. ते हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा किमान २३० अंश सेल्सिअस असणारा उत्कलनबिंदू कालांतराने सुमारे १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि सलग जोरदार ब्रेक लावताना त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल थेट तळाशी जाते. ब्रेक पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक असावेत. टायरमधील हवेचा दाब उष्णतेने वाढतो, म्हणून तो प्रत्येक सत्रानंतर तपासावा. (विमा ट्रॅकवर लागू होतो का, हेही आधीच विचारावे.) शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड होऊ द्यावेत, गाडी उभी केल्यावर मात्र हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवावी.