रात्रपाळीमुळे हार्मोन बिघडतात का? दिवसा आठ तास झोपूनही थकवा का जात नाही?

तुम्ही लिहिलंय की कायमची रात्रपाळी आहे, दिवसा आठ तास झोपता, तरी अंग जड, वजन वाढतंय, पाळी मागंपुढं होतेय, मग झोपेचा आणि हार्मोनचा खरंच संबंध असतो का आणि मेलाटोनिनची गोळी घेऊ का. संबंध असतो, आणि दोन्ही बाजूंनी असतो. पण ते आठ तास मला पटत नाहीत, राग मानू नका. मी बेळगावात एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, नाईट करून वडगावात घरी येते, आणि दिवसा सलग आठ तास झोपलेली नाईटवाली बाई अजून माझ्या बघण्यात नाही. अंथरुणात आठ तास असाल.

कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला जागं करणारं हार्मोन, पहाटेपासून चढतं, जाग आल्यावर अर्ध्यापाऊण तासात सगळ्यात वर जातं. मेलाटोनिन अंधारात वाढतं आणि डोळ्यात उजेड गेला की खाली येतं. आपण ड्युटी सोडून स्कूटीवर लख्ख उन्हातून घरी येतो आणि मग पडदे ओढून म्हणतो आता झोप ये. कशी येईल? त्यात आमच्या शेजारी पॉवरलूम. मागाची खडखड एकवेळ चालते, एकसारखी असते, सवय होते. चालत नाही ती दारावरची बेल. कुरिअरवाला, भिशीवाली, आणि "अजून निजायलीस व्हय गं?" म्हणून खात्री करायला आलेल्या चुलतसासूबाई. गाढ झोप लागते पहिल्या दोनतीन तासांत, ग्रोथ हार्मोन जास्त सुटतं ते तेव्हाच, मोठ्या माणसाला पण झीज भरायला ते लागतं, आणि बेल नेमकी तेव्हाच वाजते.

वजनाचं म्हणाल तर २००४ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी १२ तरण्याताठ्या पुरुषांना दोन रात्री फक्त चार चार तास झोपू दिलं, तर दहा तास दिलेल्या रात्रींच्या मानानं पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्के कमी आणि भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्के जास्त. म्हणजे तरुण धडधाकट गड्यांची ही गत. आमच्या हॉस्पिटलात बाळंतपण झालं की नातेवाईक कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या त्या गोड मिठाईचा, डबा ठेवून जातात, तो संपतो पहाटे तीनला, डे ड्युटीवाल्या बोट लावतात आणि झाकण लावतात. आणि रात्री शरीराला साखर तशी झेपत पण नाही, तोच कुंदा दुपारी खाल्ला तर साखर कमी चढते.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. मलाही तुमच्यासारखंच होत होतं, म्हणून एकदा नाईट संपल्यावर तिथंच तपासायला रक्त देऊन आले. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला काम कर सांगणारं हार्मोन, नॉर्मलच्या रेषेच्या वर, फार नाही, जरासं. मिस्टरांनी रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकला (का टाकला हा वेगळा विषय) आणि निपाणीच्या नणंदबाईंचा फोन आलाच. "वैनी, थायरॉईड हाय तुम्हाला, म्हणून झोप जमंना, आणि दिवसा झोपूनच झालंय ते." एकाच वाक्यात थायरॉईडमुळं झोप नाही आणि झोपेमुळं थायरॉईड. गणपतीला आल्या तर पर्समधून स्वतःच्या गोळ्यांची स्ट्रिप काढून माझ्या हातात ठेवली, अर्धी अर्धी चालू करा म्हणे, मला पण तीच देतात. मी घेतली नाही, तर सगळ्यांसमोर, नर्स असून हट्टी.

आमच्या फिजिशियन सरांनी रिपोर्ट बघितला आणि पहिलं विचारलं, रक्त कधी दिलंस, नाईट करून का? तर असं असतं की टीएसएच रात्री वाढतंच, सगळ्यांचं, आणि झोप त्याला दाबून ठेवते. रात्रभर जागं राहिलं की ते दाबणारं कुणी नाही, मग सकाळच्या रक्तात ते चढलेलं दिसू शकतं. माझं टी फोर, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, बरोबर होतं. रजा काढून, रात्रीची नीट झोप रुळल्यावर पुन्हा दिलं, नॉर्मल. हे नणंदबाईंना सांगितलं तर म्हणाल्या लॅब बदललीस म्हणून. लॅब तीच होती ओ. आणि नको असताना थायरॉक्सिन, म्हणजे नणंदबाईंची ती गोळी, घेतलं असतं तर छातीत धडधड आणि होती ती झोपही गेली असती, तेव्हा परत ऐकावं लागलं असतं की बघा, थायरॉईड वाढलं.

म्हणून टेस्ट करायचीच असेल तर नाईट उतरल्या उतरल्या रक्त देऊ नका, आणि डॉक्टरांना ड्युटी कुठली ते स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. घरी येताना काळा गॉगल. खोलीला जाड पडदा, बेलचं बटण बंद, आणि घरातल्यांना स्पष्ट सांगायचं की हे लाड नाहीत. डब्ल्यूएचओच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं २००७ ला आणि परत २०१९ ला रात्रपाळीला 'बहुधा कॅन्सरकारक' यादीत घातलंय, ते वाचून दाखवा. नाईट म्हणजे लगेच कॅन्सर असा त्याचा अर्थ नाही, पण चुलतसासूबाईंना एवढं खोलात सांगायची गरज नसते.

मेलाटोनिन राहिलंच. ती गुंगीची गोळी नाही, शरीराला रात्र झाली एवढं सांगते, दिवसाच्या झोपेला थोडीफार मदत होते. पण गोळी घेऊन खिडकी उघडी आणि मोबाईल हातात असेल तर पैसे वाया. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा दिवस राहायचा विचार असेल तर विचारल्याशिवाय नकोच.

आणि हो, थायरॉईड ज्यांना खरंच आहे त्यांनी माझं वाचून गोळी सोडू नये, नणंदबाईंना तो खरंच आहे, त्यांनी तर अजिबात नाही. रात्रपाळीवाल्या बायकांत पाळी मागंपुढं होणं बरंच दिसतं, पण तुमची सलग दोनतीन महिने आली नाही, किंवा झोपेत घोरून दचकून उठत असाल, तर रात्रपाळीला दोष देऊन बसू नका, डॉक्टरांना दाखवा.