एसीच्या कूलिंग कॉइलसाठी अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागेल म्हणतायत. घरी खोलला तर परत नीट बसतो का, की कायमचा करकर वाजतो?

बसतो. माझ्या जुन्या हॅचबॅकचा मी गेल्या उन्हाळ्यात खोललाय, तेच दुखणं, कॉइल लीक. पण आधी चौकशी करा, काही गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या बाजूनंच कॉइल निघते, मग उगाच सगळं कशाला उचकटायचं. आणि गॅस एसीवाल्याकडून मशीनवर काढून घ्या, घरी पाइप ढिला केलात तर प्रेशरनं अंगावर येतो, कातडी गोठते.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि चहाला जायचं. मस्करी नाही, एअरबॅगच्या सर्किटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो, मी अर्धा तास थांबलो. पिवळे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, एअरबॅगचे, त्यांना टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका. स्टीअरिंग काढण्याआधी चाकं सरळ, शाफ्टवर मार्करनं खूण, आणि मागची क्लॉक स्प्रिंग (हॉर्न नि एअरबॅगची पट्टीसारखी वायर गुंडाळलेली गोल डबी) टेपनं चिकटवून टाका, ती मोकळी फिरली की आतली पट्टी तुटते, मग हॉर्नही गेला आणि एअरबॅगही.

बाकी बहुतेक दहा नंबरचे बोल्ट, प्रत्येक जागेचे वेगळ्या पिशवीत, फोटो काढत जा. सगळं निघालंय तरी एक कोपरा सुटत नसेल तर ओढू नका, कुठंतरी बोल्ट राहिलाय. माझा दाराकडच्या झाकणाखाली होता, मी ओढत बसलो नि डॅशबोर्ड अडकवायचं एक प्लॅस्टिकचं लॉक मोडलं.

करकर येते ती लावताना केलेल्या घाईनं. मोडकी लॉकं नवी टाका, प्लॅस्टिकवर आपटतील त्या वायरिंगला फेल्ट टेप गुंडाळा, बोल्ट आधी सगळे हातानं दोन-दोन आटे लावून घ्या आणि मगच आवळा, एक बाजू आधी आवळली की दुसरीकडची भोकं जुळतच नाहीत. डॅशबोर्ड चढवायच्या आधी कॉइलच्या पेटीत तांब्याभर पाणी ओतून ते गाडीखाली पडतंय ना बघा, ड्रेन पाइप सुटलेला असेल तर पायाखालचं मॅटिंग भिजतं आणि परत पहिल्यापासून सुरुवात. पाइपच्या जोडातल्या ओ-रिंग, म्हणजे रबरी रिंगा, नव्याच घाला. एअरबॅगचे कपलर जोडल्याशिवाय चावी फिरवू नका, एअरबॅगचा लाइट पेटून बसतो, मग तो घालवायला स्कॅनर शोधत फिरा.

गॅरेजवाला दिवसात करतो, मला शनिवार-रविवार पूर्ण लागले. ते मोडलेलं लॉक मी तसंच ठेवलंय, थंडीत सकाळी वाजतं, गाडी तापली की गप्प.