इंटर्नशिप मिळाली, पण घरी काय सांगू?

बाहेरदेशी शिकायला गेलेल्या पोरापोरींची अन् त्यांच्या मायबापांची पत्रं यावेळी खूप आली, त्यातली तीन घेतली आहेत.

प्रश्न: ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातला. यवतमाळला मेकॅनिकल केलं, आता जर्मनीत केमनिट्झला मास्टर्सच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहो. स्टुटगार्टजवळ एका कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली पण पैसे लय कमी देऊन राहिले, मित्र म्हणते मिनिमम वेजपेक्षा कमी देताच येत नाही. इथली होस्टेलची रूम सोडू का? अन् घरी बाबा समजून राहिले की मले नोकरी लागली, बँकेचे हप्ते सुरू करतो म्हणतात. त्यायले काय सांगू?

उत्तर: आधी अभिनंदन रे भाऊ, खेड्यातून निघून तिथवर पोचणं सोपं नाही. आता पैशाचं. ही इंटर्नशिप तुझ्या कोर्समध्ये सक्तीची आहे की तू आपल्या मनानं करतोस, सगळं यावर आहे. सक्तीची असेल तर मिनिमम वेज लागूच होत नाही, म्हणजे कंपनी कमी देते ते कायद्यात बसते, पण मग ते दिवस तुझ्यासारख्या बाहेरदेशच्या विद्यार्थ्याला वर्षाला कामासाठी मिळणाऱ्या 140 दिवसांत धरत नाहीत. मनानं करत असशील अन् तीन महिन्यांच्या वर असेल तर पहिल्या दिवसापासून मिनिमम वेज द्यावंच लागते, 2026 पासून ते तासाला 13.90 युरो आहे, मात्र आठवड्याचे पाच दिवस धरले तर सहा महिन्यांत 130 च्या आसपास दिवस तिथंच जातात अन् बाकीच्या वर्षात दुसरं काम करायला फारसे दिवस उरत नाहीत. म्हणून सही करायच्या आधी विद्यापीठाकडून सक्तीची आहे की नाही ते लेखी घे, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नको.

रूम सोडू नको असं मी म्हणेन. जर्मनीत एका पत्त्यावर नोंदणी झालेली असली अन् दुसऱ्या गावी सहा महिन्यांपर्यंतच राहायचं असलं तर तिथं परत अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करावी लागत नाही. रूम सोडलीस तर नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत करावीच लागते अन् त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, जो सहा महिन्यांसाठी खोली देणारे बरेच जण द्यायला कुरकुर करतात. होस्टेलच्या ऑफिसला विचारून तुझी रूम तेवढ्या दिवसांपुरती दुसऱ्या पोराला दे, म्हणजे दोन-दोन भाडी पडणार नाहीत. तिकडे खोली शोधताना जो माणूस म्हणते की मी सध्या बाहेरदेशात आहे, आधी डिपॉझिट पाठव मग चावी कुरिअरनं येते, त्याला एक युरो देऊ नको. डिपॉझिट हीटिंग-पाण्यासारखे वरचे खर्च वगळून तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही अन् ते तीन हप्त्यांत देता येते, हे कायद्यातच आहे.

आणखी एक, राहायला गेल्यागेल्या खालच्या पोस्टाच्या पेटीवर अन् बेलवर आपल्या आडनावाची चिठ्ठी लाव. तिकडे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन आडनाव पाहूनच टपाल टाकते. नाव नसलं की बँकेचं कार्ड, विम्याचं पत्र, सगळं परत जाते अन् आपण इकडे वाट पाहत बसतो.

ऑफिसातलंही सांगते, कारण आपली पोरं इथंच मागं पडतात. हुशारीत नाही, विचारण्यात. आपल्याकडे लहानपणापासून हेच वळण असते, मास्तरला उलट विचारायचं नाही, तलाठ्याच्या टेबलासमोर हात बांधून उभं राहायचं. तिकडे गप्प बसलेल्या पोराला सगळं समजलं असंच धरतात अन् तीन महिन्यांनी म्हणतात की याला कामात रस नाही. तर तुझ्या सुपरवायझरला आठवड्यातले पंधरा मिनिटं ठरवून माग, काय केलं अन् कुठं अडलं ते सांग. जेवायच्या वेळी सगळे एकमेकांना ‘माहल्त्साइट’ म्हणत निघतात तेव्हा जर्मन येत नाही म्हणून डेस्कवर डबा खात बसू नको, त्यांच्यासोबत जा. अन् शेवटच्या महिन्यात कामाचं सर्टिफिकेट, ज्याला ते आर्बाइट्सत्सॉइग्निस म्हणतात, त्यात नुसत्या तारखा नको, काम कसं केलं तेही लिहून माग. मागितल्याशिवाय तसं बहुतेक देत नाहीत अन् पुढच्या प्रत्येक अर्जात तेच पाहतात.

बाबांना आजच फोन कर अन् आकड्यात सांग. विद्यार्थ्याला राहायला महिन्याला 992 युरो लागतात असं जर्मन सरकारच व्हिसासाठी धरते, तुझे पैसे त्यातच जाणार, उरणार काही नाही. बँकेचे हप्ते साधारण कोर्स संपल्यावर सहा महिने ते वर्षभरानं सुरू होतात, पण व्याज आत्ताच चढत असते, तर जमलं तर तेवढं व्याज भर अन् तुमच्या कर्जाच्या कागदावर काय लिहिलं आहे ते बाबांना शाखेत जाऊन पाहायला लाव. कापसाच्या भावाचा अंदाज घेऊन घर चालवणाऱ्या माणसाला हिशोब कळत नाही असं समजू नको.

प्रश्न: पोरगा जर्मनीत आहे. दिवाळीले पार्सलात काय काय पाठवू? (वरुड तालुक्यातली एक आई)

उत्तर: काकू, तूप, पेढे, खव्याचं काही पाठवू नका, दुधाचे अन् मटणाचे पदार्थ तिकडे येऊ देत नाहीत, काढून फेकतात. घरची संत्री पण नाही, ताज्या फळांना वेगळा सरकारी दाखला लागतो. चिवडा, तेलातली शेव, तिखट, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त पाठवा, फक्त तळण तुपातलं नको. पार्सलवर काय आहे अन् किती किमतीचं ते खरं लिहा, 45 युरोपर्यंतच्या भेटीवर कर लागत नाही.

प्रश्न: मुलीचं अमेरिकेत एमएस झालं, ओपीटी (शिकून झाल्यावर आपल्याच विषयात काम करायची परवानगी) सुरू आहे, नोकरी नाही. एक कन्सल्टन्सीवाला म्हणतो पैसे भरा, आमच्याकडे नोकरीवर आहे असं दाखवतो. नव्वद दिवस संपत आले. काय करावं?

उत्तर: दादा, हे पैसे भरू नका. खोट्या नोकरीचा कागद सापडला तर तिचा स्टेटस जातो अन् पुढे कोणत्याही व्हिसाच्या वेळी तेच आडवं येते. पहिल्या ओपीटीत 90 दिवस बिनकामाचे चालतात हे खरं, पण तिच्याच विषयातलं आठवड्याला किमान 20 तासांचं बिनपगारी काम, प्रोफेसरच्या लॅबमध्ये किंवा एखाद्या संस्थेत, तेही त्यात धरतात. काम धरलं की दहा दिवसांत ओपीटीच्या सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. पुढे स्टेमची (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांना मिळणारी) 24 महिन्यांची मुदतवाढ घ्यायची असली तर मात्र पगारी नोकरीच लागते. तिला आजच सांगा की कॉलेजच्या डीएसओला, म्हणजे बाहेरदेशच्या विद्यार्थ्यांचं व्हिसाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, मेल टाक, किती दिवस उरले ते लेखी विचार अन् कोणत्या प्रोफेसरकडे जागा आहे ते पाह.