दरवर्षी पाहिलेल्या फुलांचं 'अप्रूप' वाटू शकतं का?

साताऱ्याच्या एका शिक्षिकांनी विचारलंय: "'दर सप्टेंबरात कासला जाते, तरी त्या फुलांचं अप्रूप वाटतं' असं मी लिहिलं. सहकाऱ्यांनी 'अप्रूप' खोडून 'कुतूहल' केलं. अप्रूप नव्या गोष्टीचंच वाटतं, असं त्यांचं म्हणणं. बरोबर काय?"

तुमचं वाक्य बरोबर आहे, ते बदलू नका. सहकाऱ्यांचा आधार व्युत्पत्तीचा आहे. 'अपूर्व'मधला र अलीकडे सरकून 'अप्रूप' झालं, आणि अपूर्व म्हणजे पूर्वी नसलेलं. कासच्या पठारावरची टोपली कारवी ७ वर्षांनी एकदा फुलते. तिला हा अर्थ चपखल बसतो. पण वापर केव्हाच त्यापुढे गेलाय. आजोबांना नातवाचं अप्रूप असतं, आणि तो नातू रोज त्यांच्याच ताटात जेवतो! वळवाच्या पहिल्या सरीचं अप्रूप तर दरसाल.

'कुतूहल' इथे का बसत नाही, ते क्रियापदांवरून कळतं. कुतूहल चाळवतं आणि शमतं. जिज्ञासा तृप्त होते. पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, तशी जिज्ञासा जाणण्याची. उत्तर मिळालं की दोन्ही निवतात. अप्रूप 'शमलं' असं कुणी म्हणत नाही. ते ओसरतं किंवा टिकतं, आणि उत्तर मिळाल्यानं त्याचं काही बिघडत नाही. सीतेची आसवं घ्या. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, पातळ मातीत पोषण कमी, म्हणून ही नाजूक जांभळी वनस्पती मातीतल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते आणि पचवते. हे समजलं तेव्हा माझं कुतूहल शमलं. अप्रूप मात्र दुणावलं.

(संस्कृतात 'कौतुक'चाही एक अर्थ कुतूहलच. मराठीत त्याची शाबासकी झाली, याची मला हळहळ वाटते.)

"त्याला आता कशाचंच अप्रूप उरलं नाही" हे वाक्यही पाहा. लहान मुलाबद्दल ते सहसा कानावर येत नाही. मोठ्या माणसाबद्दल येतं, आणि बोलणाऱ्याच्या स्वरात खंत असते. म्हणजे जाणत्या वयातही अप्रूप टिकावं, ही अपेक्षा आपल्या बोलण्यातच आहे. तुमच्या वाक्यातला 'तरी' हा शब्द नेमकं तेच सांगतो.

सहकाऱ्यांना 'कुतूहल' हवंच असेल, तर पुढे वेगळं वाक्य जोडा: 'वायतुरा मोजक्याच सड्यांवर का उगवतो, याचं मला कुतूहल आहे.' तिथे प्रश्न आहे, त्यामुळे तो शब्द शोभेल.