फिलिपिन्सच्या कादंबऱ्यांवर पीएचडी करायची म्हणते, करू द्यावी का?

ताई नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी पुण्यात एमए इंग्लिशच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढे फिलिपिन्सच्या कादंबऱ्यांवर पीएचडी करायचं तिच्या डोक्यात आहे, तिचे बाबा म्हणतात बीएड कर आणि मोकळी हो, आणि सांगलीत फिलिपिन्स म्हटलं की लोक विचारतात एमबीबीएसला चालली का. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, यात नोकरी आहे का, आणि आपल्याकडे कादंबऱ्या कमी आहेत का म्हणून तिने तिकडचं घेऊन बसावं.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते, कारण मला वाटतं खरी अडचण तिथे आहे, घरात कुणालाच अजून तो विषय नक्की काय आहे ते कळलेलं नाहीये.

त्या देशावर स्पेनने तीनशेवर वर्षं राज्य केलं, मग 1898 ला स्पेनने तो अमेरिकेला 2 कोटी डॉलरला देऊन टाकला, मधे जपानी आले, आणि स्वातंत्र्य मिळालं 1946 ला. आता आडनावांचंच बघा. 1849 मधे स्पॅनिश गव्हर्नरने आडनावांची एक छापील यादीच काढली, साठेक हजार नावांची, आणि करवसुलीच्या नोंदी नीट राहाव्यात म्हणून गावोगावी त्यातली आडनावं वाटली. अल्बाय प्रांतात ओआस नावाचं गाव आहे, तिथे अजूनही ढीगभर घरांची आडनावं आर वरून सुरू होतात. गोव्यात बाप्तिस्म्याबरोबर फर्नांडिस, डिसूझा आले ते आपल्याला माहीत आहे, इथे सरकारी कागदावरून आले. असं घरोघरी आडनाव वाटलेल्या देशातला लेखक मी कोण हे विचारायला लागला की ते नुसतं पुस्तकी राहत नाही हो.

त्यांची राष्ट्रीय कादंबरी म्हणजे होसे रिझालची नोली मे टांगेरे, 1887 ची, लिहिली स्पॅनिशमधे. रिझालला स्पॅनिश सरकारने 1896 च्या डिसेंबरात मनिलात गोळ्या घातल्या, आणि 1956 पासून शाळा कॉलेजात त्याचं लेखन शिकवणं कायद्यानेच सक्तीचं आहे, पण आजची बहुतेक मुलं ती इंग्रजी नाहीतर टागालोग (तिथली मुख्य भाषा) भाषांतरातून वाचतात कारण मधल्या काळात अमेरिकनांनी शाळा इंग्रजी केल्या आणि स्पॅनिश मागे पडली. म्हणजे स्वतःच्याच देशाचं पुस्तक परक्यासारखं भाषांतरात वाचायचं. मला हे फार लागतं, का ते नीट सांगता येणार नाही.

मग मार्कोस, तिथला राष्ट्राध्यक्ष. त्याने 1972 च्या सप्टेंबरात मार्शल लॉ लावला, कागदावर तो 1981 ला उठला पण माणूस 1986 पर्यंत खुर्चीवर होता, लोक मनिलातल्या एड्सा रस्त्यावर उतरले तेव्हा गेला. आपली आणीबाणी 21 महिन्यांची होती आणि तेवढ्यात दुर्गाबाई भागवत कराडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून बोलल्या ते आपण अजून सांगतो, तिथे किती वर्षं ते चाललं बघा. आता 2022 पासून त्याच मार्कोसचा मुलगा राष्ट्राध्यक्ष आहे, निवडून आलेला, आणि तो काळ सोन्याचा होता असं तिथे खूप लोक मनापासून मानतात. दुसरीकडे 2013 च्या कायद्याने सरकारनेच 11,103 लोकांना त्या राजवटीचे बळी म्हणून मान्यता दिली. दोन्ही गोष्टी एकाच देशात. त्यामुळे त्या काळावरच्या कादंबऱ्या तिथे आजही भांडणाच्या मधोमध आहेत, तुमच्या मुलीने जुनं काहीतरी उकरून काढलंय असं नाहीये.

आणि ताई, एक कादंबरी तर तुमच्यासाठीच सांगते. लुआल्हाती बाउतिस्ता यांची देकादा 70, 1983 सालची, म्हणजे मार्कोस सत्तेवर असतानाची. गोष्ट सांगते अमांडा नावाची आई, पाच मुलगे, चांगलं खातंपितं घर, नवरा म्हणेल ते ठीक अशी बाई. मोठा मुलगा चळवळीत जातो, भूमिगत होतो, दुसरा एक पोलिसांच्या ताब्यात गेल्यावर मेलेला सापडतो, आणि ही बाई हळूहळू स्वतःच्या घराकडे, नवऱ्याकडे, देशाकडे नव्याने बघायला लागते. हुकूमशाही म्हणजे रणगाडेच दिसले पाहिजेत असं काही नाही, इथे ती मुलगा रात्री घरी यायची वाट बघणाऱ्या आईच्या पोटातल्या गोळ्यातून कळते. लेकीला म्हणा मला ही गोष्ट सगळी सांग, आणि बाबांनाही शेजारी बसवा.

आता नोकरी. खरं सांगते, फिलिपिनो साहित्याचा प्राध्यापक हवा अशी जाहिरात आपल्याकडे निघत नाही. तिला नोकरी लागेल ती इंग्रजीची म्हणूनच, त्यामुळे नेट सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांशिवाय पर्याय नाही. नेट झाली नाही तर सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, वर्षानुवर्षं तासांचे पैसे मोजत बसलेली हुशार मुलं मी खूप बघितलीत, पीएचडी असलेली सुद्धा, म्हणून नुसती पीएचडी करू द्या असं मी म्हणणार नाही. नेटमधेच जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, निघाली तर महिना 37,000 रुपये आणि वर एचआरए, म्हणजे घरावर बोजा नाही. मी म्हणेन नेटचे तीन अटेम्प्ट द्या, दीड वर्ष. तेवढ्यात जेआरएफ झाली तर याच विषयावर करू द्या, नाही झाली तर बीएड करून नोकरी आणि पीएचडी पार्ट टाइम. बाबांना तारीख दिली की बाबाही ऐकतील.

पण एक अट तिच्यासाठी, आणि ही मी अगदी आग्रहाने सांगतेय. मिगेल सिहुको, जेसिका हेगडॉर्न, निनोच्का रोस्का, जीना अपोस्तोल हे इंग्रजीत लिहिणारे, ते वाचावेतच, रोस्का तर मार्शल लॉत स्वतः तुरुंगात होत्या. पण हे सगळे परदेशातल्या विद्यापीठांत वाचले जातात, त्यांच्यावर लिहिणारे शेकड्याने आहेत. बाउतिस्तांनी लिहिलं टागालोगमधे. तिने टागालोग शिकली तर भारतात तिच्यासारखे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, आणि मग हवाई विद्यापीठ, सिंगापूरचं एनयूएस, लंडनचं सोआस इथे अर्ज करताना तिच्याकडे दाखवायला काहीतरी असेल. भाषा वाटते तितकी परकी नाहीये, शिक्षकाला गुरो म्हणतात, चेहऱ्याला मुखा, साबणाला साबोन आणि बादलीला बाल्दे, थोडं संस्कृतातून गेलेलं आणि थोडं स्पॅनिशमधून, आपल्याकडे बादली पोर्तुगीजांकडून आली तशी. रोज एक तास दिला तर वर्षभरात सोपी गोष्ट वाचता येईल.

विषय ठरवताना गोवा किंवा आणीबाणीवरचं मराठी लेखन शेजारी ठेवून तुलनात्मक करता येतं का ते तिने गाइडला विचारावं. इथल्या गाइडला फिलिपिन्स माहीत नसतं, मराठी आणि कोकणी माहीत असतं, आणि कमिटीसमोर ते उभं राहतं. गोव्याच्या फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांनी 1866 लाच पोर्तुगीजमधे कादंबरी लिहिली होती, रिझालच्या एकवीस वर्षं आधी, तिथून सुरुवात केली तरी चालेल.

नेटचा फॉर्म सुटला की लगेच भरा. नॉन क्रिमिलेयर लागणार असेल तर आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी सर्व्हर डाऊन असतो आणि मुलं रडवेली होतात. आणि तिची दोन पानांची सिनॉप्सिस झाली की मला पाठवायला सांगा, मी वाचते.