पाणी तापले की मासे का दगावतात?

प्रश्न : पाण्याचे तापमान दोन-चार अंशांनी वाढले तरी मासे आजारी पडतात, असे वाचनात येते. एवढ्याशा फरकाने नेमके काय बिघडते? पाळलेल्या आणि समुद्रातल्या माशांना होणारा त्रास सारखाच असतो का?

उत्तर : बहुतेक माशांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्यानुसार बदलते. पाणी तापले की त्यांच्या शरीरातील सर्व क्रिया वेग घेतात आणि प्राणवायूची गरज वाढते. मात्र त्याच वेळी पाण्याची प्राणवायू सामावून घेण्याची क्षमता घटलेली असते. हवेच्या संपर्कातील एक लिटर गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात.

तळ्यात ही कोंडी पहाटे स्पष्ट दिसते. दिवसा प्राणवायू सोडणारे शेवाळ रात्री स्वतःच तो वापरते, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. त्यातून वाचलेले मासेही सुखरूप असतात असे नाही. ताण लांबला की त्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेले राहते, रोगप्रतिकारशक्ती खालावते आणि एरवी पाण्यात निरुपद्रवीपणे असणारे एरोमोनाससारखे जिवाणू डोके वर काढतात. शिवाय, माशांनी टाकलेला अमोनिया उष्ण पाण्यात अधिक विषारी ठरतो. म्हणूनच ‘रोगाने मेले’ एवढीच नोंद करून थांबणे मला अपुरे वाटते. औषधापूर्वी पाणी तपासायला हवे.

समुद्रातला मासा थंड पाण्याच्या शोधात ध्रुवांकडे किंवा खोलवर सरकू शकतो, आणि अनेक जाती तशा सरकतही आहेत. परंतु अंडी घालण्याच्या जागा आणि भक्ष्य त्याच्यासोबत सरकतीलच असे नाही. अलास्काच्या आखातात २०१४ ते २०१६ दरम्यानच्या सागरी उष्णतेच्या लाटेत कॉड माशांची भूक वाढली, पण भक्ष्य घटले. त्यांची संख्या इतकी रोडावली की २०२० मध्ये तेथील अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या हद्दीतील कॉडची मासेमारी बंद ठेवावी लागली.

पाळलेल्या माशाला पळवाट नसते, पण त्याला मदत करता येते. उष्म्याच्या दिवसांत खाद्य कमी करावे, कारण पचनासाठीही प्राणवायू खर्च होतो. माशांची दाटी विरळ ठेवावी आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) मध्यरात्रीपासून ऊन वर येईपर्यंत चालू ठेवावा.